उजवा उघडा

सावर्ड्याच्या तिठ्यावर, वजनकाट्याच्या मागं,
इनास मेस्ताचं गॅरेज म्हणजे एक खड्डा, वर चार पत्रे
आणि आंब्याच्या फांदीला टांगलेली चेन-पुली.
मी टिपर खड्ड्यावर घेतला तेव्हा
तो खाली उभ्यानं पेज पीत होता.

म्हटलं, पुढच्या दोन्ही शॉकअपचे रबरी बूट फाटलेत, नवे घाल.
त्यानं वाटी बाजूला ठेवली,
फाटक्या बुटात बोट घातलं, आणि चिमूटभर
लाल चिखल माझ्या तळहातावर ठेवला,
देवळात अंगारा ठेवतात तसा.
"बूट घातलो धूळ भितर वचूं नये म्हूण.
मागीर ही कशी पावली?"

दांडा दिवसातून हजारदा वर-खाली होतो,
दर वेळी बूट श्वास घेतो,
आणि आपल्या रस्त्यावर श्वासात काय येतं
ते तुला सांगायला नको, म्हणाला.
एकदा आत गेली की ती बाहेर कशाला येईल,
घर मिळालं तिला. पाणीही तिथंच.
उघड्या दांड्याला निदान वारा लागतो,
सील त्याला येता-जाता निपटत राहतं.

आणि दगड? मी म्हटलं.
टायरनं उडवलेला एक खडा दांड्यावर बसला
की ओरखडा, ओरखड्यानं सील फाटणार, तेल गळणार,
साडेतीन हजारांचा शॉकअप रिवणच्या उतारावर खलास.
कंपनीनं बूट घातला तो काय शोभेला?
"कंपनीन रिवणचो रस्तो पळयला?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, हट्ट होता.
आमच्या घरी सगळ्याला झाकण असतं,
मिक्सरला, टीव्हीला, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा.
बाबा पंचवीस वर्षं याच रस्त्यावर होते,
तोंडावर ओला रुमाल बांधून.
आई तो रोज रात्री न्हाणीत धुवायची.
बाहेरची बाजू लाल. उलटून धरला
की आतलीही लाल, फक्त ओठांच्या जागी
थोडी फिकी.
ती फिकी जागा दाखवून बाबा म्हणायचे, बघ, अडते की.
पुढं डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला
तेव्हा मी तीच जागा शोधत होतो.

इनासला हे सांगितलं नाही.
म्हटलं, डाव्याला घाल. उजवा राहू दे उघडा.
"एका पांयांत बूट, एक पांय नागडो," तो हसला,
पण घातला. एकशे ऐंशी रुपये, क्लिप फुकट.

चवथीनंतर गाडी लागली ती शिगम्यापर्यंत.
रिवण ते कापशें, जाताना भरलेली, येताना रिकामी.
रिकामी जास्त आपटते.
रात्री धक्क्यावर नंबर लागेपर्यंत
टॉर्च घेऊन मी उजवीकडं वाकायचो.
डावीकडं वाकून काय दिसणार, रबर.
पहिला ओरखडा नाताळच्या आदल्या दिवशी,
नखाला लागेल न लागेल एवढा.
दुसरा कधी झाला कळलं नाही.
दर रविवारी जुन्या बनियननं मी तो दांडा पुसायचो
आणि बायको दारातून विचारायची,
पंखा कधी पुसणार?

शिगमा झाला. पुन्हा तोच खड्डा.
इनासनं डावा बूट ब्लेडनं चिरला.
आतला चिखल सुकून दांड्याच्या आकाराचा झालेला,
दोन फाकांत निघाला, मडक्याच्या खापरीसारखा.
खाली गंजाचं पुरळ, वरपासून खालपर्यंत.
पण गळत नव्हता.
उजवा चकचकीत, त्यात माझं नाक दिसत होतं,
दोन ओरखडे, आणि खालच्या कपावर
तेलाची बारीक ओल.

"कोण जिखलो, सांग."
मी काहीच बोललो नाही.
उजव्याचं मला डिसेंबरपासून माहीत होतं.
डाव्याचं आत्ता.

"घालूं बूट?" त्यानं विचारलं,
हातात दोन नवे, घड्यांचे, रबराचा वास मारणारे.
मी खड्ड्यात उतरलो,
टॉर्च त्याच्याकडं दिला.
म्हटलं, थांब, आधी पुसून घेतो.